आमची वाटचाल : जुन्या यंत्रांच्या झिजलेल्या काँटॅक्टची दुरुस्ती

कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे गाव पैंजण, जोडवी आणि करदोड्यांसाठी महाराष्ट्राबाहेरही ओळखले जाते, आणि ‘चंदेरी नगरी’ हे त्याचे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केले आहे. आमच्या कारखान्याचे मूळ याच गावातल्या चांदीच्या कामात आहे. मात्र आज आमच्या शेडमध्ये एकही दागिना घडत नाही. ज्या विद्युत उपकरणांचे सुटे भाग आता कोणीच बनवत नाही, अशा जुन्या काँटॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा चुंबकी स्विच), स्टार्टर आणि ड्रम कंट्रोलर (दांडा फिरवून क्रेनची मोटर चालवण्याचे उपकरण) यांचे जळालेले, झिजलेले किंवा एकमेकांना चिकटलेले काँटॅक्ट, म्हणजे मिटून वीज जोडणारी आणि उघडून तोडणारी धातूची तोंडे, पुन्हा कामाजोगी करून देणे, एवढाच आमचा व्यवसाय आहे. तो इतका आडवाटेचा आहे की कर्जाच्या अर्जावर ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न आम्हाला बराच काळ पडत असे; शेवटी ‘इलेक्ट्रिकल जॉब वर्क’ असे मोघम लिहून आम्ही तो निकालात काढला.

असे काम मुळात निर्माण होते, याचे कारण एकाच कारखान्यातल्या वस्तूंचे आयुष्य सारखे नसते. फाउंड्रीतली क्रेन, उसाच्या गव्हाणीची मोटर किंवा नदीकाठच्या जॅकवेलमधला (उपशाच्या विहिरीतला) पंप नीट निगा राखली तर चाळीस-पन्नास वर्षे सहज चालतो. त्यांना चालू-बंद करणारे उपकरण मात्र उत्पादक त्याचे भाग किती वर्षे बनवत राहतो यावर जगते. आमच्याकडे येणाऱ्या काही कंट्रोलरवर अजून ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ किंवा ‘ए.ई.आय.’ अशा पितळी पाट्या असतात. यांपैकी ए.ई.आय. ही ब्रिटिश कंपनी १९६७मध्ये आणि इंग्लिश इलेक्ट्रिक १९६८मध्ये जी.ई.सी. या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीत विलीन झाली, आणि पुढे त्या नावांच्या मालिकाही इतिहासजमा झाल्या. भारतीय बनावटीच्या काँटॅक्टरचीही हीच कथा आहे. नवी मालिका बाजारात आली की जुनीची काँटॅक्ट किट काही वर्षे मिळतात, मग फक्त मुंबईच्या लोहार चाळीत कोणाच्या तरी माळ्यावर सापडतात, आणि मग तिथेही संपतात.

नवीन काँटॅक्टर का बसवत नाहीत, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. पुष्कळदा तेच योग्य असते आणि आम्हीही तेच सुचवतो. परंतु क्रेनच्या केबिनमधला ड्रम कंट्रोलर हा सुटा डबा नसतो; स्लिप रिंग मोटरच्या रोटरमधला (फिरत्या भागातला) रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, टप्प्याटप्प्याने कमी करणारी त्याची पायरीरचना, बाहेरची रोधपेटी, केबलचा मार्ग आणि चालकाच्या हाताला बसलेली सवय हे सगळे त्याला जोडलेले असते. तो बदलायचा म्हणजे पॅनेल बदलणे, नवी केबल ओढणे आणि क्रेन कित्येक दिवस उभी ठेवणे आले. ज्या ओतकामाच्या शेडमध्ये वितळलेल्या लोखंडाचे लेडल (ओतण्याचे भांडे) त्याच क्रेनवर टांगलेले असते, तिथला मालक वर्षातून एकदा मिळणाऱ्या शटडाऊनपर्यंत थांबायला तयार असतो, पण त्याआधी क्रेन चालली पाहिजे एवढे त्याला हवे असते. आमचे बहुतेक ग्राहक असे आहेत.

सुरुवात वडिलांपासून झाली. आमच्या परिसरात साखर कारखाने दाट आहेत, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे वायरमन काँटॅक्टरच्या जळक्या भुजा घेऊन हुपरीत येत असत. त्यांची मागणी सरळ होती : या तांब्याच्या पट्टीवर पूर्वी चांदीची चकती होती, ती गळून पडली आहे, तुम्ही चांदीवाले आहात, तर नवी बसवून द्या. वडिलांना मोटर आणि स्टार्टर यांतले काही कळत नव्हते, परंतु चांदीला डाख (वितळवून जोडणारा मिश्रधातू) कसा द्यायचा, सवागी (टाकणखार) केव्हा टाकायची, धातू कोणत्या रंगावर आला की हात थांबवायचा, हे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगात मुरलेले होते. फुंकणीच्या ज्योतीवर पैंजणाची बारीक कडी जोडणाऱ्या माणसाला नखाएवढी चकती तांब्यावर बसवणे अवघड वाटण्याचे कारण नव्हते. हळूहळू हंगाम संपल्यावरच्या ओव्हरहॉलिंगच्या काळात अशा कामाची रीघ लागू लागली. दागिन्यांची घडणावळ ज्या वर्षी कमी मिळाली त्या वर्षी घर या कामावर चालले. मी तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन परतल्यावर आम्ही घराच्या सोप्यातले काम औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडमध्ये हलवले आणि दागिन्यांचे काम चुलत्यांकडे सोपवले.

चांदीच्या धंद्यातली एक पक्की समजूत मात्र आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली. दागिन्यात टंच, म्हणजे धातूची शुद्धता, जितका जास्त तितका माल चांगला. मोटरच्या काँटॅक्टरमध्ये याच्या उलट आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. चांदी वापरतात ती केवळ ती उत्तम वाहक आहे म्हणून नव्हे. तांबे तिच्यापेक्षा फार तर पाच-सहा टक्क्यांनी कमी पडते. खरा फरक हवेत तापल्यावर दिसतो. तांब्यावर काळसर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही, तर चांदीचा ऑक्साइड थोड्याशा उष्णतेत पुन्हा विघटित होऊन चांदी मोकळी होते. म्हणूनच जुन्या तांब्याच्या काँटॅक्टमध्ये मिटताना घासत, लोळत बसण्याची रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे प्रत्येक वेळी तो थर खरवडला जातो. चांदीच्या काँटॅक्टला तेवढ्या घासण्याची गरज नसते. पण शुद्ध चांदी मऊ असते आणि ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह क्षणभर वाहतो, नेमक्या त्याच क्षणी काँटॅक्ट आपटून किंचित उसळतात, मधे आर्क (विजेची प्रखर ठिणगी) पेटतो आणि वितळलेली दोन तोंडे एकमेकांना जोडली जातात. मग बटण सोडले तरी मोटर थांबत नाही, आणि ती मोटर क्रेनच्या हुकाची असेल तर पुढचे सांगायला नको.

हे टाळण्यासाठी काँटॅक्टच्या चांदीत मुद्दाम ‘भेसळ’ केलेली असते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बहुतेक मोटर काँटॅक्टरमध्ये चांदीबरोबर १० ते १५ टक्के कॅडमियम ऑक्साइड असतो. आर्कच्या उष्णतेत त्याची वाफ होते, ती तोंड थंड करते आणि चिकटणे रोखते. लहान प्रवाहाच्या रिले आणि स्विचमध्ये चांदी-निकेल आढळते. ज्यांना मोठा आर्क तोडायचा असतो त्या टोकांना चांदी-टंगस्टन किंवा तांबे-टंगस्टन लागते, कारण टंगस्टन ३,४०० अंशांच्या पुढे वितळते. नव्या काँटॅक्टरमध्ये कॅडमियमच्या जागी कथिलाचा ऑक्साइड आला आहे. तो मोटरच्या कामाला चांगलाच टिकतो, पण त्याचा संपर्करोध (मिटलेल्या तोंडांमधला रोध) थोडा जास्त असतो, म्हणून जुन्या मापाच्या स्प्रिंगच्या काँटॅक्टरमध्ये तो बसवला की पूर्ण भारावर तापमान मोजल्याशिवाय आम्ही काम पुरे झाले असे मानत नाही. कोणत्या जागी कोणता माल, हे ठरवता येणे हाच या धंद्याचा अर्धा भाग आहे, आणि तो शिकायला आम्हाला डाख शिकण्यापेक्षा जास्त वर्षे लागली.

आलेला तुकडा कशाचा आहे हे कळण्यासाठी हुपरीचा आम्हाला अनपेक्षित उपयोग झाला. पूर्वी टंच काढण्यासाठी चांदी गाळावी लागे; आता टंच केंद्रांमध्ये क्ष-किरणांनी धातूचे घटक सांगणारी यंत्रे आहेत आणि तुकडा जराही न बिघडवता काही मिनिटांत कागद हातात मिळतो. त्यात एक मेख आहे. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर पाहते, आणि जळालेल्या काँटॅक्टच्या तोंडावरचा कॅडमियम आर्कमध्ये आधीच उडून गेलेला असतो. त्यामुळे वरून पाहिले तर पंधरा टक्के कॅडमियम ऑक्साइडचा तुकडाही जवळजवळ शुद्ध चांदीचा दिसतो. म्हणून आम्ही तो करवतीने आडवा कापतो, पाण्याखाली घासतो आणि मगच कापलेल्या बाजूचे माप घ्यायला सांगतो. टंच केंद्रातल्या मुलांना सुरुवातीला आमचे हे करवतकाम विचित्र वाटे.

जोडण्याच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाहेर ते ‘चांदी चिकटवणे’ एवढ्या शब्दांत संपवले जाते. ऑक्साइड मिसळलेल्या चांदीला डाख धरत नाही. म्हणून चांगल्या चकतीच्या पाठीवर शुद्ध चांदीचा पातळ थर आधीच असतो, आणि तो नसेल तर ती चकती आम्ही परत पाठवतो. तांब्याची भुजा आधी स्वच्छ करून तिची बैठक सपाट केली जाते. मधे ५६ टक्के चांदीच्या मिश्रधातूची कागदासारखी पट्टी आणि फ्लक्स (सवागीसारखा, जोड स्वच्छ ठेवणारा पदार्थ) ठेवून दोन कार्बनच्या तोंडांमध्ये तो जोड दाबला जातो, आणि काही व्होल्टांच्या दाबावर शेकडो अँपिअर प्रवाह सोडला की कार्बन लाल होतो व उष्णता नेमकी जोडावर उतरते. ही पट्टी ६५० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. त्या क्षणी आमचा कारागीर चिमट्याने चकती केसभर पुढेमागे सरकवतो, म्हणजे खाली अडकलेला फ्लक्स आणि वायू कडेने बाहेर येतो. चारही बाजूंना चांदीची बारीक, अखंड रेघ दिसली की प्रवाह बंद करून, दाब तसाच ठेवून, जोड आपोआप निवू दिला जातो. पाण्यात बुडवून तो लवकर गार करायचा मोह होतो, पण त्याने चकतीला तडे जाण्याची भीती असते.

गॅसच्या ज्योतीपेक्षा ही पद्धत आम्हाला जवळची वाटते, त्याचे एक कारण तांब्यात आहे. पुष्कळ जुन्या काँटॅक्टरमध्ये भुजेच्या तांब्याचा ताठपणाच काँटॅक्टला दाब देण्यास हातभार लावतो, आणि ती भुजा ज्योतीवर पूर्ण लाल केली की तांबे कायमचे मऊ पडते. चकती उत्तम बसलेली असते, दिसायलाही नवी दिसते, पण दाब नाहीसा झालेला असतो. दुसरे कारण परिस्थितीने दिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत २२ एप्रिल २०२१पासून बहुतेक उद्योगांना ऑक्सिजनचा पुरवठा बंद झाला, जो योग्यच होता. तोवर आमची मोठी कामे ऑक्सिजन-ॲसिटिलिनवर होत असत. एका जुन्या स्पॉट वेल्डिंग यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरवर आम्ही त्या काळात कार्बनची तोंडे बसवून घेतली, आणि पुरवठा सुरळीत झाल्यानंतरही बहुतेक काम त्याच यंत्रावर राहिले. सिलिंडर आता केवळ मोठ्या ड्रम कंट्रोलरच्या जाड सेगमेंटसाठी (ड्रमवरच्या पट्ट्यांसाठी) लागतो.

तरीही आमच्याकडे पुन्हा पुन्हा तोच काँटॅक्टर येऊ लागला तेव्हा आमच्या लक्षात आले की चकती बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. काँटॅक्ट जळतो तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी दोषामुळे, आणि तो दोष जळालेल्या तोंडावर लिहिलेला असतो. एकाच कडेला जळलेले असेल तर भुजा तिरकी बसते आहे किंवा तिच्या खिळीचे भोक लांबट झाले आहे. तिन्ही फेजपैकी एकाच फेजचा काँटॅक्ट खलास झाला असेल तर त्या बाजूची स्प्रिंग थकली आहे. डी.सी. काँटॅक्टरमध्ये एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर त्याच आकाराचे टेंगूळ दिसते, कारण प्रवाहाची दिशा ठरलेली असल्याने धातू एकाच बाजूला वाहून जातो. तिथे वेळोवेळी ध्रुवता उलटी करून घेतली तर आयुष्य वाढते. आर्क चूटच्या (आर्क विझवणाऱ्या पेटीच्या) आतली भिंत न जळता बाहेरचा भाग जळला असेल, तर कोणीतरी ब्लो-आउट कॉइलची (आर्कला चूटमध्ये ढकलणाऱ्या चुंबकी कॉइलची) जोडणी उलट केली असल्याचा आम्हाला पहिला संशय येतो.

एका फाउंड्रीच्या क्रेनचा काँटॅक्टर दर काही आठवड्यांनी तिन्ही फेजचे काँटॅक्ट सारखेच जाळत असे. माल बदलून पाहा, जाड चकती घाला, अशा सूचना येत होत्या. काँटॅक्टर बाकावर घेऊन कॉइलला वीज दिली तेव्हा तो घरघरत होता, आणि हेच महत्त्वाचे होते. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेत चुंबकाचे बळ सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. त्या क्षणी आर्मेचर (चुंबकाने ओढून धरलेला हलता भाग) सुटू नये म्हणून चुंबकाच्या तोंडात तांब्याची एक लहान कडी बसवलेली असते, तिला शेडिंग रिंग म्हणतात. या काँटॅक्टरमधली कडी कोपऱ्यात तडकली होती, आणि तडा इतका बारीक होता की भिंग लावून, कडी जरा वाकवल्यावरच तो उघडला. काँटॅक्ट मिटलेले दिसत होते, प्रत्यक्षात ते सतत थरथरत होते आणि प्रत्येक थरथरीला लहानसा आर्क पेटत होता. कडी नवी केली, तोंडांच्या मधला गंज काढला, आणि त्यानंतर तो काँटॅक्टर आमच्याकडे आलेला नाही. बिल अर्थातच चांदीच्या चकत्यांपेक्षा फारच लहान झाले. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे नाही असे आमच्या हिशेबनिसांचे मत आहे.

यानंतर आम्ही मोजण्यावर भर दिला. दाब तपासण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे : मिटलेल्या काँटॅक्टच्या मधे पातळ कागदाची पट्टी ठेवायची, भुजेला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून हळूहळू ओढायचे, आणि कागद सरकू लागला की काट्यावरचा आकडा वाचायचा. तिन्ही फेजचे आकडे जवळजवळ यावे लागतात. संपर्करोधासाठी १०० अँपिअर डी.सी. सोडून व्होल्ट मोजणारा मायक्रोओहम मीटर आम्ही कर्ज काढून घेतला. त्याचे महत्त्व ग्राहकांना पटवण्यासाठी आम्ही साधे गणित मांडतो. ३०० अँपिअर वाहणाऱ्या काँटॅक्टचा रोध १०० मायक्रोओहम असेल तर तिथे ९ वॅट उष्णता तयार होते. रोध १,००० मायक्रोओहम झाला तर ९० वॅट, म्हणजे बंद पेटीत भला मोठा सोल्डरिंग आयर्न अखंड चालू ठेवल्यासारखे होते. आज प्रत्येक कामासोबत आम्ही दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा रोध, दाब आणि काँटॅक्टमधले अंतर लिहिलेला कागद देतो. काही मेंटेनन्स विभाग तो फाइलला लावतात, काही तो काँटॅक्टरच्या झाकणाच्या आत चिकटवतात. दुसरी पद्धत आम्हाला अधिक आवडते.

एक तक्रार इथे मांडून ठेवतो. चांदीचा काँटॅक्ट काळा पडला की त्यावर कानस फिरवण्याची सवय आपल्याकडच्या कारखान्यांत फार खोलवर रुजलेली आहे. कानस तांब्याच्या काँटॅक्टला चालते. चांदीच्या मिश्रधातूवरचा काळसर, खडबडीत थर बहुधा निरुपद्रवी असतो आणि कानशीने निघते ती चांगली चांदी. पॉलिश पेपर तर त्याहून वाईट, कारण त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि तोंडे नीट भिडत नाहीत. आमच्याकडे ‘फार लवकर झिजले’ म्हणून येणाऱ्या काँटॅक्टपैकी कितीतरी आर्कने नव्हे, तर दर रविवारच्या मेंटेनन्सने झिजलेले असतात.

काळेपणाचा खरा त्रास जिथे होतो, ती ठिकाणे वेगळी आहेत. डिस्टिलरीच्या सांडपाण्याची बायोगॅस टाकी जवळ असेल किंवा पेपर मिल असेल, तर हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीवर सल्फाइडचा थर चढवतो. मोठ्या प्रवाहाच्या काँटॅक्टला आर्क आणि दाब यांमुळे त्याचे फारसे काही वाटत नाही, पण काही मिलिअँपिअर वाहणारे कंट्रोल सर्किटचे काँटॅक्ट त्या थराने अक्षरशः बंद पडतात, आणि कधी कधी तर चांदीच्या कडांवर काळे बारीक केस उगवलेले दिसतात. अशा ठिकाणी आम्ही चांदी पुन्हा बसवत नाही. शक्य तिथे सोन्याचा मुलामा असलेला किंवा पूर्ण बंद काचेतला रिले सुचवतो आणि पॅनेलची दारे, केबलची भोके बंद करायला सांगतो.

पुराने आमच्या कामाला वेगळी दिशा दिली. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठावर सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपसा योजना आहेत, आणि त्यांच्या पंपघरांत ऑइल स्टार्टर, रोटर स्टार्टर अशी दणकट जुनी उपकरणे अजून चालू आहेत. ऑगस्ट २०१९च्या आणि पुन्हा जुलै २०२१च्या पुरात यांतली पुष्कळशी पाण्याखाली गेली. संस्थांची अपेक्षा होती की आम्ही काँटॅक्ट बदलून द्यावेत. प्रत्यक्षात गाळात बुडालेल्या स्टार्टरमध्ये काँटॅक्ट हा सर्वांत कमी बिघडलेला भाग असतो. धोका असतो तो बॅकेलाइटच्या पट्ट्यांमध्ये मुरलेल्या ओलाव्याचा आणि तेलाच्या टाकीच्या तळाशी बसलेल्या पाण्याचा. आम्ही स्टार्टर पूर्ण उकलून स्वच्छ पाण्याने धुतले, मंद आचेच्या भट्टीत सुकवले, मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासले, वार्निश दिले, तेल बदलले, आणि त्यानंतर शेवटी काँटॅक्टकडे वळलो. त्या काळात शेडबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असे. पिके वाळण्याआधी पंप सुरू व्हायला हवा होता आणि नवीन स्टार्टरसाठी संस्थेच्या सभेची मंजुरी मिळेपर्यंत कोणी थांबू शकत नव्हते.

चांदीचा हिशेब हा या धंद्याचा नाजूक भाग आहे. आलेल्या काँटॅक्टवरची जुनी चांदी ग्राहकाची असते, आणि ती काढल्यावर उरणाऱ्या मोडीचे काय झाले, हे त्याला कळले पाहिजे. आम्ही सराफीची रीत जशीच्या तशी उचलली : मोड वेगळ्या पिशवीत, वजन आणि टंच कागदावर, आणि ग्राहकाच्या इच्छेप्रमाणे ती परत किंवा बिलात वजावट. २०११च्या एप्रिलमध्ये चांदीचा भाव अभूतपूर्व चढला तेव्हा जुन्या दराने दिलेली कोटेशने आम्हाला तोट्यात पाळावी लागली. त्यानंतर कोटेशनमध्ये मजुरी वेगळी आणि चांदी त्या दिवशीच्या भावाने, असे आम्ही लिहू लागलो. भाव चढले की तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा दिलेली ‘लोकल किट’ बाजारात वाढतात. त्यांचा मुलामा पहिल्या काही आर्कमध्येच उडतो, खालचे तांबे उघडे पडते, आणि चांदीसाठी नेमलेल्या मंद दाबाखाली ते तापू लागते. अशी किट आमच्याकडे पडताळणीसाठी आणली तर आम्ही ती विनामूल्य कापून दाखवतो.

मोडीच्या बाबतीत आम्ही एक गोष्ट कोणाच्याही भिडेखातर करत नाही. कॅडमियम असलेले काँटॅक्ट चांदीच्या साध्या भट्टीत गाळणे जिवावर बेतू शकते, कारण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते आणि त्याची वाफ फुप्फुसांवर व मूत्रपिंडांवर घातक परिणाम करते. चांदी वितळण्याच्या कितीतरी आधी ती मुशीतून बाहेर पडू लागते. भंगारवाल्यांकडून असे काँटॅक्ट स्वस्तात घेऊन घरातल्या मुशीत गाळणारे लोक आमच्याही भागात आहेत, आणि त्यांतल्या काहींना आम्ही समोर बसवून हे समजावले आहे. आमच्याकडची कॅडमियमयुक्त मोड वेगळी साठवून धूर शोषण्याची सोय असलेल्या शुद्धीकरण कारखान्यालाच जाते. पूर्वी कॅडमियमयुक्त डाखही सर्रास वापरला जाई, कारण तो ६१० अंशांच्या आसपास सुंदर वाहतो. तो आम्ही बंद केला आणि त्या बदल्यात थोडी जास्त उष्णता स्वीकारली. जुन्या आर्क चूटबद्दलही हेच. त्यांतल्या अनेक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या असतात, म्हणून आम्ही त्या घासत नाही, कापत नाही. तुटलेल्या असतील तर ओल्या करून बंद पिशवीत ठेवतो आणि बदली माल सुचवतो.

काही कामे आम्ही घेत नाही, आणि त्यामुळे ग्राहक नाराज होतात याची जाणीव आहे. सर्किट ब्रेकरच्या मुख्य काँटॅक्टला नवी चांदी बसवणे कारागिरीच्या दृष्टीने अवघड नाही, परंतु शॉर्ट सर्किटमध्ये हजारो अँपिअर तोडण्याची त्याची क्षमता उत्पादकाने प्रयोगशाळेत चाचणी करून ठरवलेली असते. आमच्या दुरुस्तीनंतर ती क्षमता तेवढीच राहिली आहे, असा कागद आम्ही देऊ शकत नाही, आणि तो कागद न देता ब्रेकर परत करणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. आणीबाणीच्या थांबा बटणांचे आणि सुरक्षा इंटरलॉकचे काँटॅक्टही आम्ही दुरुस्त करत नाही. ते नवीनच घ्यावेत. दुसऱ्या टोकाला इचलकरंजीच्या यंत्रमागांचे लहान स्टार्टर आहेत. सुरुवातीला ते आमच्याकडे पोत्यांनी येत, पण आज नवीन स्टार्टर दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा फार महाग पडत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवण्यात अर्थ उरलेला नाही.

आमचे वर्ष उसाच्या हंगामाने बांधलेले आहे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की एप्रिलपासून काँटॅक्टर येऊ लागतात, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर झाली की तगादे सुरू होतात. गव्हाणीत मोळी पडण्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे रात्रपाळी असते. हंगाम चालू असताना फाउंड्री आणि पाणीपुरवठा संस्थांची कामे चालतात. कारागिरांपैकी निम्मे हुपरीच्या चांदीकामातून आलेले आहेत आणि निम्मे आय.टी.आय.मधून. आधी दोघांत थोडी चढाओढ होती : एकाला डाखाचा रंग कळे, दुसऱ्याला मीटरचा आकडा. आता नव्याने आलेला मुलगा पहिले वर्ष दोन्ही बाकांवर आलटून पालटून बसतो, आणि त्या काळात त्याच्या हाती ग्राहकाचा माल दिला जात नाही.

सध्या आम्ही एक रखडलेले काम हातात घेतले आहे. आजवर आलेल्या प्रत्येक जुन्या काँटॅक्टची मापे, चकतीचा माल, भुजेचे तांबे, स्प्रिंगचा दाब आणि मूळ पाटीवरची माहिती वह्यांमध्ये विखुरलेली होती. ती आम्ही संगणकावर, रेखाचित्रांसह उतरवत आहोत. क्रेनच्या ड्रम कंट्रोलरच्या फिंगरपासून (ड्रमवर टेकणाऱ्या काँटॅक्टपासून) सुरुवात केली आहे, कारण त्यांचे प्रकार थोडे आणि मागणी सततची आहे, आणि त्यांतल्या नेहमी लागणाऱ्या फिंगरचे साचेही करून ठेवत आहोत. रोटर स्टार्टरची रेखाचित्रे त्यानंतर येतील. ज्यांच्याकडे अशी उपकरणे बंद पडून भंगाराची वाट पाहत आहेत, त्यांनी ती विकण्यापूर्वी एक काँटॅक्ट आणि पाटीचे छायाचित्र आम्हाला पाठवावे. माप घेऊन तो काँटॅक्ट आम्ही आमच्या खर्चाने परत करू.